घोडे, मोती आणि जकात : जुल्फार ते गोवा

पंधराव्या शतकातला दख्खन म्हटला की बहमनी आणि विजयनगर यांच्या लढाया, रायचूरचा दुआब आणि बीदरच्या दरबारातले कट आठवतात. त्याच काळातला आखाताचा किनारा मात्र आपल्या खिजगणतीतही नसतो. संयुक्त अरब अमिरातीचा इतिहास १९७१ साली किंवा फार तर तेल सापडल्यावर सुरू झाला, असाच सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आजच्या रास अल खैमाजवळचे जुल्फार, शारजा अमिरातीतले खोर फक्कान आणि आपल्याकडचे चौल, दाभोळ, गोवा ही बंदरे त्या शतकात एकाच राजकारणात गुंतलेली होती. १५०७ साली खोर फक्कान जळाले आणि १५१० साली गोवा पडला. या घटना आपण दोन वेगळ्या पुस्तकांत वाचतो. पण त्या एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना घडल्या. तो व्यवहार मुख्यतः घोड्यांचा होता, आणि पोर्तुगिजांनी तो निर्माण केला नाही, तयार असलेला ताब्यात घेतला, असे माझे म्हणणे आहे.

या व्यवहाराचे आखातातले केंद्र होते होर्मुझ. १३००च्या सुमारास होर्मुझच्या राजांनी इराणच्या किनाऱ्यावरचे जुने शहर सोडून समोरच्या जारून बेटावर राजधानी नेली. बेटावर ना शेती, ना गोडे पाणी. अन्न आणि पाणी दोन्ही बाहेरून आणावे लागे. तरीही पुढची दोनशे वर्षे हे जगातल्या श्रीमंत बंदरांपैकी एक होते, कारण आखातात शिरणारा आणि बाहेर पडणारा माल तिथे जकात भरून पुढे जाई. समोरच्या अरब किनाऱ्यावरची कलहात, मस्कत, सोहार, खोर फक्कान आणि जुल्फार ही बंदरे याच राज्याच्या अमलाखाली होती. त्यांतले जुल्फार मोत्यांसाठी आणि दर्यावर्दी माणसांसाठी प्रसिद्ध होते. अरबी नौकानयनावरचे सर्वांत महत्त्वाचे ग्रंथ लिहिणारा अहमद इब्न माजिद इथलाच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने जुल्फारच्या लोकांचे वर्णन थोर खलाशी आणि ठोक व्यापारी असे केले आहे. इथले मोती होर्मुझचे व्यापारी विकत घेत आणि हिंदुस्थानाकडे पाठवत. होर्मुझने मोठा मुलूख जिंकला नव्हता. त्याने जकातीची ठाणी जिंकली होती, आणि त्याचे बळ जसे तिथून येत होते तसाच त्याचा धोकाही तिथेच दडलेला होता.

या ठाण्यांवरून सर्वांत जास्त किमतीचा कोणता माल दख्खनकडे येत असेल, तर तो घोडा. दख्खनच्या हवेत आणि चाऱ्यावर चांगली पैदास टिकत नसे, म्हणून पागा भरलेल्या ठेवायच्या तर दरवर्षी नवी आयात लागे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. तिथल्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता : लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. १४७०च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला पोहोचला, तेव्हा तिथल्या सुभेदार असद खानाने तो घोडाच अडकवून ठेवला. एका परदेशी माणसाच्या एका जनावरासाठी सुभेदाराने धर्म बदलण्याची अट घालावी, यावरून त्या जनावराचे मोल कळते. बहमनी वजीर महमूद गवान स्वतः समुद्रमार्गे दाभोळला आलेला इराणी व्यापारी. त्याने कोकणातल्या खेळणा आणि संगमेश्वरच्या सत्ताधाऱ्यांना नमवले आणि १४७२ साली विजयनगरकडून गोवा घेतला. व्यापारी जहाजांना होणारा उपद्रव थांबवणे हा त्या मोहिमेचा जाहीर हेतू होता. पण गोवा हातात येताच विजयनगरच्या घोड्यांची एक मोठी वाट बंद झाली, हेही तितकेच खरे.

यावर कुणी म्हणेल की घोड्यांना इतके महत्त्व देण्याचे कारण नाही. देशी तट्टे होतीच, शिवाय उत्तरेतून खुष्कीच्या मार्गाने मध्य आशियाई घोडे येत होते. देशी तट्टे होती, आणि पुढे मराठ्यांनी भीमथडीच्या घोड्यांवर चपळ युद्धाची एक वेगळीच पद्धत उभी केली. पण पंधराव्या शतकातली दख्खनी लढाई चिलखती, अवजड स्वारांची होती आणि तिला उंच, दमदार जनावर लागे. खुष्कीच्या मार्गावर बहमनींच्या वाटेत माळवा आणि गुजरात हे प्रतिस्पर्धी सुलतान होते, आणि विजयनगरच्या वाटेत तर खुद्द बहमनीच होते. त्यामुळे समुद्र ही दोघांचीही गरज बनली. विजयनगरमध्ये राहिलेला पोर्तुगीज फर्नांव नुनिश लिहितो की कृष्णदेवराय दरवर्षी होर्मुझचे तेरा हजार घोडे घेत असे. या आकड्यात अतिशयोक्ती आहे असे धरून तो निम्मा केला, तरी राज्याच्या खजिन्याचा केवढा भाग जहाजातून पश्चिमेकडे जात होता हे ध्यानात येते.

आता दोन्ही किनाऱ्यांवरची राजकीय स्थिती शेजारी ठेवून पाहावी. होर्मुझमध्ये १४७०च्या दशकात राजपुत्रांत वारसाहक्काचे युद्ध पेटले. सलघूर शाहने ते जिंकले, पण पूर्व अरबस्तानातल्या जब्री टोळ्यांच्या मदतीने, आणि त्या मदतीची किंमत बहरीनच्या रूपाने मोजावी लागली. १५०५ साली तो वारल्यावर पुन्हा खुनाखुनी झाली. १५०७ साली गादीवर सैफुद्दीन हा अल्पवयीन मुलगा होता आणि खरी सत्ता ख्वाजा अत्तार या वजिराच्या हाती होती. इकडे दख्खनमध्ये १४८१ साली महमूद गवानचा शिरच्छेद झाला आणि बहमनी राज्य उसवत गेले. चौल निजामशाहीकडे, दाभोळ आणि गोवा आदिलशाहीकडे अशी बंदरांची वाटणी झाली. दोन्हीकडे व्यापार जोरात होता आणि जकात भरपूर येत होती. पण त्या उत्पन्नावर हक्क सांगणारे अनेक झाले होते. समुद्राचे रक्षण कुणी करायचे, हा प्रश्न त्यांतल्या एकाचाही नव्हता.

पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकेर्क अरब किनाऱ्यावर आला तो अशा वेळी. १५०७ साली त्याच्याकडे सहा-सात जहाजे आणि पाचशेच्या आसपास माणसे होती. कलहात शरण आले म्हणून वाचले. कुरयात आणि मस्कत जाळले गेले, सोहारने मान तुकवली आणि खोर फक्कान लुटून जाळले गेले. कैद्यांची नाके-कान कापून त्यांना पुढच्या बंदरांना दहशत बसावी म्हणून सोडून देण्यात आले. आल्बुकेर्कच्या चरित्रात खोर फक्कानचे जे वर्णन आहे त्यात बागा आहेत, गुजराती व्यापारी आहेत आणि हिंदुस्थानाला पाठवायच्या घोड्यांचे मोठे तबेले आहेत. त्याच वर्षी होर्मुझसमोर सागरी लढाई होऊन राजाने वर्षाला १५,००० अश्रफींची खंडणी कबूल केली. तीन वर्षांनी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, त्याने गोवा कायमचा घेतला आणि होर्मुझहून येणारे घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत असा दंडक घातला. विजयनगर आणि विजापूर दोघेही त्या घोड्यांसाठी त्याच्याकडे बोलणी करू लागले. उगम आणि उतार यांची दोन्ही ठिकाणे एका हातात आली की मधल्या वाटेवरच्या सगळ्यांना त्या हाताकडे पाहावे लागते. महमूद गवानला हे कळत होते. पण त्याच्या हाती एकच टोक होते.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो तो तोफांचा. पोर्तुगिजांची जहाजे भक्कम होती आणि त्यांवरच्या तोफा दूरवर मारा करत. मग जकात, वारसाहक्क आणि घोडे यांची चर्चा कशाला? तोफांनी बंदरे जाळता आली, हे निर्विवाद. पण जाळणे आणि राखणे यांत अंतर आहे, आणि ते आल्बुकेर्कच्याच वाटचालीत दिसते. होर्मुझमधला किल्ला अर्धवट असताना त्याचे कप्तान त्याला सोडून गेले आणि १५०८ साली त्याला माघार घ्यावी लागली. तोफा त्याच होत्या. होर्मुझ पक्के हाती आले ते १५१५ साली, जेव्हा रईस अहमद नावाच्या सरदाराने राजालाच मुठीत ठेवले होते. आल्बुकेर्कने त्याचा काटा काढला आणि राजाचा रक्षक म्हणून किल्ल्यात पाय रोवला. गोव्याचेही तसेच. होनावरच्या तिम्मय्या नावाच्या सरदाराच्या सल्ल्याने आणि साथीने तो १५१०च्या सुरुवातीला शहरात शिरला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हुसकावले आणि नोव्हेंबरात तो परतला. चौलच्या खाडीत तर १५०८ साली इजिप्तच्या आरमाराने दीवचा सुभेदार मलिक अयाज याच्या मदतीने पोर्तुगिजांचा पराभव केला होता आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा तिथे मारला गेला. ही एकजूट पुढच्याच वर्षी दीवसमोरच्या लढाईत उरली नाही. तोफांपुढे इथले लोक अगदीच हतबल होते, हे चित्र चौलमुळे टिकत नाही.

आणखी एक आक्षेप साधनांविषयीचा आहे. ही सगळी कहाणी जेत्यांनी लिहिलेली; आल्बुकेर्कचे चरित्र तर त्याच्या मुलाने रचले. बापाचा पराक्रम मोठा दिसावा म्हणून जिंकलेली शहरेही मोठी रंगवली असतील, ही शंका रास्त आहे. पण इथे जमीन स्वतंत्र साक्ष देते. रास अल खैमाजवळ अल मताफ येथे पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात चौदाव्या ते सोळाव्या शतकातले मातीच्या विटांचे दाट वस्तीचे शहर सापडले, आणि त्यात दूरच्या चीनमधल्या भांड्यांचे तुकडेही. फुजैरामधली अल बिदिया मशीद पंधराव्या शतकातली मानली जाते. या किनाऱ्यावर स्थिर, कमावती वस्ती होती हे सांगायला पोर्तुगीज लेखणीची गरज नाही. उलट, इब्न माजिदनेच वास्को द गामाला १४९८ साली कालिकतची वाट दाखवली, ही लोकप्रिय कथा मात्र पुराव्यावर टिकत नाही; पोर्तुगीज कागद वाटाड्या गुजराती होता असे सांगतात. साधने तपासून घ्यायची ती दोन्ही बाजूंनी.

या सगळ्यातून उत्तर-मध्ययुगाचे जे चित्र उभे राहते, त्यात सत्तेचे माप मुलुखावर नव्हे तर वाटांवर ठरते. पोर्तुगिजांनी होर्मुझचा राजा हटवला नाही. त्याला गादीवर ठेवून १५४३ साली जकात तेवढी स्वतःकडे घेतली. हे राज्य नेमके कशावर उभे आहे हे त्यांनी ओळखले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. १६२२ साली इराणी आणि इंग्रज फौजांनी त्यांना होर्मुझमधून काढले, आणि १६३३ साली ओमानच्या इमामाने जुल्फार परत घेतले. त्यांचे आखातातले बस्तान मोडले तेही बंदरांच्या क्रमाने. दख्खनचा इतिहास शिकवताना नकाशा कोकणाच्या किनाऱ्यावर संपवला, तर गोवा का पडला याचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे जुल्फार आणि खोर फक्कानच्या बाजूला आहे. तो किनारा नकाशात घेतला की सोळाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडच्या सत्ता शौर्यात कमी पडल्या हा जुना निष्कर्ष सोडून द्यावा लागतो. त्या कमी पडल्या त्या एका गोष्टीत : ज्या समुद्रावरून आपला खजिना आणि आपली पागा चालते, तो समुद्र सांभाळणे हे राज्याचे काम आहे, हे त्यांनी कधी मानले नाही.