बाळूच्या आईचं नाव काय?

गेल्या वर्षीची आमच्या गावची जत्रा. महिला मंडळाच्या मंडपात कुणीतरी चारेक वर्षांचा एक मुलगा आणून बसवला. रडून रडून डोळे सुजलेले.

"नाव काय रे बाळा?"
"बाळू."
"पप्पांचं?"
"पप्पा."
"आणि आईचं?"
"आई."
"कुठं राहतोस?"
"घरी."

लाऊडस्पीकरवर "बाळू नावाचा मुलगा सापडला आहे" असं पुकारलं, तर दोन भलत्याच बाळूंच्या आया धापा टाकत आल्या. त्यांचे बाळू आकाशपाळण्यात मजेत होते! खरी आई आली ती तासाभरानं.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला शाळेतला नामाचा धडा आठवला. नदी, गाव, मुलगी ही सामान्यनामं. गोदावरी, पैठण ही विशेषनामं. आपण पाठ केलं, मार्क मिळवले, विसरलो. बाळूची उत्तरं बघा, 'आई', 'पप्पा', 'घर', सगळी सामान्यनामं! त्याचा काय दोष? घरात आई एकच, मग 'आई' हेच तिचं नाव, असंच त्याला वाटणार.

लहान मुलांना व्याख्या सांगूच नये. माझ्याकडे संध्याकाळी शेजारची पोरं येतात, त्यांना मी बारशाची खूण सांगते. बारशात ठेवतात ते विशेषनाम. 'म्हैस' म्हटलं की गोठ्यातल्या सगळ्याच आल्या. 'चंद्री' म्हटलं की एकच मान वर करते. एक नदी, दोन नद्या म्हणतो, पण दोन गोदावऱ्या कुणी म्हणत नाही. यावर एका चिमुरडीनं मला अडवलंच, "पण आमच्या वर्गात दोन साई आहेत!" असू देत की. बारशी दोन झाली ना? ज्याचं त्याचं नाव वेगळं ठेवलेलं. इंग्रजीत विशेषनामाला कॅपिटल अक्षर असतं, पोरांना दिसल्याबरोबर कळतं. देवनागरीत ती सोय नाही. आणि आपण 'कोलगेट आण' म्हणून पाठवतो, पोरगा दुसऱ्याच कंपनीची पेस्ट आणतो आणि आपण काही बोलत नाही. म्हणजे गोंधळ मोठ्यांचाही आहेच!

पण खरी अडचण वेगळीच आहे. आपण नवऱ्याला 'अहो' म्हणणार, फार तर 'बाळूचे पप्पा'. त्यांचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. आपण सासूबाईंच्या 'सूनबाई', गल्लीच्या 'बाळूची आई'. मुलाच्या कानावर नाव पडावं तरी कुठून? 1 मे 2024 पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. कागदावर आईचं नाव आलं, पण घरात?

मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, आज रात्री जेवताना मुलांकडून आईचं, वडिलांचं, गावाचं नाव म्हणवून घ्या. एक जण लाजून म्हणाली, "ताई, यांचं नाव म्हणजे मला उखाणाच घ्यावा लागेल."

"मग घे की!"

दोन दिवसांनी तिचा लेक अंगणवाडीत उखाण्यासकट वडिलांचं नाव सांगत होता.