कूलरची खिडकी

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि गॅलरीचा लोखंडी कठडा हाताला चटका देतोय. नागपूरच्या मनीषनगरातल्या या फ्लॅट स्कीममध्ये राहायला येऊन आम्हाला सोळा दिवस झाले. रत्नागिरीहून आलेली निम्मी खोकी अजून हॉलमध्ये तशीच आहेत. भांडी आणि देव तेवढे बाहेर निघालेत. आज २५ मे. समोरच्या दारातल्या काकूंनी कालच बजावलंय, "उद्यापासून नवतपा लागते. कूलर बसवून घ्या आधी, खोकी मग उघडा." नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे पहिले नऊ दिवस. रत्नागिरीत हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

कूलरवाला आणि त्याचा पोऱ्या पत्र्याची ती भली मोठी पेटी तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून आणतात. बेडरूमच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँड आहेच. इथे घर बांधतानाच त्याची सोय केलेली दिसते. कूलरवाला तिन्ही बाजूंच्या ताट्या काढतो, जाळीत वाळा सारखा पसरतो, कुठे विरळ राहिला तर बोटांनी चाचपून तिथे आणखी एक मूठ दाबतो. "खाली जागा राहिली तर गरम हवा आत येते, ताई." पहिली बादली तो हातानेच ताट्यांवर ओततो. वाळा भिजतो आणि सगळं घर आईच्या माठासारखं दरवळतं. आई वाळ्याची छोटी जुडी माठात टाकायची. तोच वाळा इथे किलोकिलोने खिडकीला लागतोय.

तो गेल्यावर मी घरातली प्रत्येक खिडकी लावून घेते, दारही ओढून घेते. गारवा बाहेर जाऊ नये, एवढंच डोक्यात. पंख्याचा आवाज भरून राहतो, पण वीस मिनिटांत चादर दमट लागते आणि मानेवर घाम येतो. थेट रत्नागिरीचा मे महिना.

बेल वाजते. काकू पन्ह्याचा तांब्या घेऊन उभ्या. आत पाऊल टाकताच म्हणतात, "खिडक्या काऊन बंद करून ठेवल्या? हवा बाहेर जाईन तवाच नवी येईन ना." सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्या समोरची खिडकी उघडतात. तिथला पडदा बाहेरच्या बाजूला फुगतो. थोड्याच वेळात बेडरूममध्ये खरी थंडी उतरते. ओल्या वाळ्यातून येताना इथली कोरडी हवा पाणी शोषते आणि निवते. ती दमट झालेली हवा कोंडून ठेवली तर पुढचं पाणी सुकणार कुठे? कोकणात हवा आधीच ओली, म्हणून आमच्याकडे कूलरचं काही चालत नाही. पाऊस सुरू झाला की इथेही पंप बंद करून नुसता पंखा लावायचा, हेही काकू सांगून ठेवतात.

पन्हं पिता पिता त्या विचारतात, "सांभार आहे का घरात?" मी मसाल्याचा डबा काढते. त्या हलकेच माझा हात धरतात आणि ओट्यावरची कोथिंबिरीची जुडी उचलून दाखवतात. "हा सांभार." बटाटा इथे आलू, शेंगदाणे म्हणजे फल्लीदाणे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी इथल्या मराठीत शेजारणीसारखी ये-जा करते. भाषा माझीच आहे, तरी रोज चार शब्द नव्याने शिकावे लागतात, आणि मला ते मनापासून आवडतंय. परक्या गावातली ओळख सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होत नाही, ती अशी कुणीतरी स्वयंपाकघरापर्यंत शिरल्यावर होते.

दुपारी मोबाईल ४५ अंश दाखवतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकूंचं दार आणि आमचं दार समोरासमोर उघडं आहे, आणि दोन्ही घरांच्या कूलरची हवा जिन्यात एकत्र होते.

बदली होऊन उन्हाळ्यात नागपूरला येणार असाल, तर फ्लॅट बघताना पार्किंगच्या आधी एवढं बघा: कूलरच्या खिडकीसमोर दुसरी उघडणारी खिडकी आहे का.