रिपोर्ट वाचताना (भाग ९) : थोडं पिवळं बरं?

गेल्या आठवड्यात एसजीपीटी पाहिलं. त्याच एलएफटीच्या (यकृताच्या तपासणीच्या) कागदावर बिलिरुबिनही असतं. बहुतेक लॅब १.२ च्या आसपास वरची मर्यादा धरतात. आकडा त्यापुढे गेला की तो ठळक छापून येतो आणि घरात काविळीची कुजबुज सुरू होते. तो ०.३ आला तर कुणी ढुंकूनही बघत नाही. हृदयविकाराचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र नेमका तोच खुणावतो.

तांबडी पेशी साधारण १२० दिवसांनी मोडते. तिच्यातल्या हीमपासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं. मुका मार हिरवा-पिवळा पडत जातो तो यामुळेच. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं, म्हणून बरीच वर्षं त्याला निव्वळ कचरा समजत. १९८७ साली रोलंड स्टॉकर, ब्रूस एम्स आणि सहकाऱ्यांनी ते चांगलं अँटिऑक्सिडंट असल्याचं दाखवलं. धमनीच्या भिंतीतलं एलडीएल कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइज झालं की जास्त उपद्रव करतं. बिलिरुबिन त्याला आवर घालत असावं, असा तर्क पुढे आला. १९९४ मध्ये हार्वी श्वर्टनर यांच्या गटाला कमी बिलिरुबिन आणि कोरोनरी आजार यांची सांगड आढळली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पुरुषांच्या मोठ्या पाहणीत मात्र मधल्या पातळीवाले सर्वांत सुखरूप निघाले. दोन्ही टोकांना धोका अधिक.

आता गिल्बर्ट सिंड्रोम. यात यकृतातलं एक एन्झाइम जन्मापासूनच आळशी असतं, त्यामुळे बिलिरुबिन जरा चढं राहतं. उपवास घडला की डोळे आणखी पिवळे दिसतात आणि नीट जेवायला लागलं की आपोआप निवळतात. (कावीळ उतरवणाऱ्याला याचं श्रेय किती वेळा मिळालं असेल!) २००२ मधल्या प्रागच्या अभ्यासात चाळिशीपुढच्या अशा मंडळींत हृदयविकार २ टक्के, तर सर्वसाधारण लोकांत १२ टक्के आढळला. पण गट लहान होता. पुढे कोपनहेगनच्या संशोधकांनी हजारो लोकांची जनुकं तपासली. बिलिरुबिन स्वतःच राखणदार असतं, तर ते जन्मतः चढं असलेल्यांना हृदयविकार कमी व्हायला हवा होता. तसं दिसलं नाही.

माझ्या मते हा पुरावा वजनदार आहे. मग कमी बिलिरुबिनची हृदयविकाराशी सांगड का दिसते? सिगारेट ओढणाऱ्यांचं बिलिरुबिन कमी असतं. म्हणजे खालचा आकडा बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाची चुगली करत असणार.

तेव्हा बिलिरुबिन वाढवायच्या फंदात पडू नका. आकडा वारंवार १.८ च्या आसपास, त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट (यकृतात प्रक्रिया न झालेलं) आणि एसजीपीटी, हिमोग्लोबिन ठीक असेल, तर डॉक्टरांना गिल्बर्टबद्दल विचारा. आदल्या दिवशी उपवास होता का, तेही सांगा. ०.३ आलं तर घाबरू नका. बीपी, साखर आणि एलडीएल तपासा, सिगारेट असेल तर सोडा.

पुढच्या आठवड्यात : अल्कलाइन फॉस्फटेज.