चपलेची साखळी, गल्ल्याची किल्ली

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरी चप्पल मिरवली. कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही. ओरड झाली, तेव्हा कंपनीने कारागिरांचे ऋण मान्य केले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार जाहीर झाला. २,००० जोड, किंमत प्रत्येकी सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या पुढे! आम्हालाही आनंद झाला. पण आमचा साधा सवाल आहे : यातले कारागिराच्या पदरात किती पडणार?

व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला 'पुरवठा साखळी' म्हणतात. आमच्या समाजाला ती पुस्तकातून शिकावी लागत नाही. मेलेले जनावर ओढणारा वेगळा, बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावणारा ढोर समाज वेगळा, तळ कापून शिवणारा चर्मकार वेगळा, आणि वेणी घालणारी त्याची घरधनीण. घाणीच्या प्रत्येक कडीला एक जात नेमलेली. घाण संपून गल्ला सुरू होतो, तिथे मात्र जात बदलते! जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते.

साखळीला धक्का बसला की तोही खालच्याच कडीला. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. कातड्याची टंचाई चर्मकाराने सोसली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आमच्या बांधवांना गोरक्षकांनी फोडून काढले. तेव्हा तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायचेच थांबवले आणि सरकार हादरले. खालची कडी थांबली की वरचे सारे अडते, हे त्यांनी दाखवून दिले.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन राज्यांचे आठ जिल्हे त्यात आहेत. पण मानांकन महामंडळांच्या नावावर. कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ही नोंद दारोदार जाऊन झाली पाहिजे. करारातला कारागिराचा वाटा जाहीर झाला पाहिजे. कातड्याची घाऊक खरेदी आणि चपलेची विक्री कारागिरांच्या सहकारी संस्थांकडे आली पाहिजे.

आणि आमच्या शिकल्या-सवरल्या तरुणांनो, बापाच्या हातातली रापी तुम्ही खाली ठेवलीत, चांगले केलेत. आता त्याच्या वतीने हिशेबाची वही उघडा. कौशल्य आपले, घाम आपला. गल्ल्याची किल्ली तेवढी दुसऱ्याच्या कमरेला का?

जयभीम!