झटका मशीनला दुसरं पॅनल जोडताना



धान लोंबीवर येऊ लागलं, की गोंडपिपरीकडे जंगलालगतच्या बांध्यांत रात्री रानडुकरं शिरतात. म्हणून पुष्कळांनी सौर कुंपणाचं झटका मशीन बसवलं आहे. पण आभाळ चार-चार दिवस दाटलेलं असलं की बॅटरी पुरती भरत नाही आणि ऐन मध्यरात्री झटका बंद पडतो. यावर सरळ उपाय म्हणजे दुसरं पॅनल. मात्र जोडणी चुकली तर नुकसान ठरलेलं.

आता बघा, सारख्या उंचीवरच्या दोन बोड्यांचे पाट एकाच बांधीत सोडले, तर पाणी दुप्पट येतं. उंची तीच राहते. विजेचंही तसंच. व्होल्ट म्हणजे उंची, अँपिअर म्हणजे धार. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचं ४० वॅटचं पॅनल कडक उन्हात साधारण १८ व्होल्ट आणि सव्वादोन अँपिअर देतं. अशा दोन पॅनलांची धन वायर धनाला आणि ऋण वायर ऋणाला जोडली, की व्होल्ट १८ च राहतात, अँपिअर साडेचार होतात. हीच समांतर जोडणी.

एकाची धन दुसऱ्याच्या ऋणाला जोडली, तर ३६ व्होल्ट होतात. १२ व्होल्टचा साधा चार्ज कंट्रोलर ते सोसत नाही, जळतो.

जोडताना एवढं सांभाळा :

१. दोन्ही पॅनल सारख्याच व्होल्टची घ्या.
२. कंट्रोलरवर लिहिलेले अँपिअर दोन्ही पॅनलांच्या बेरजेपेक्षा जास्त हवेत.
३. पॅनलवर जाड गोणपाट झाका. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनल. काढताना आधी पॅनल काढा.
४. बॅटरीजवळ फ्यूज बसवा. तीन किंवा जास्त पॅनल असतील, तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज हवा.
५. पॅनलचं तोंड दक्षिणेकडे ठेवा, झाडाची सावली टाळा.

सौर पंपाच्या पॅनलांवर मात्र हा प्रयोग करू नका. ती बहुधा एकसर जोडलेली असतात, व्होल्ट शेकड्यांत जातात. तिथं मेकॅनिकलाच बोलवा.

आणि बॅटरी उतरली म्हणून घरची २३० व्होल्टची लाईन कुंपणाच्या तारेत कधीही सोडू नका. झटका मशीन क्षणभर ठोका देऊन सोडतं. लाईनचा करंट सोडत नाही. त्यात पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी मरतो, बैल मरतो, वाघही मरतो. तो गुन्हा आहे. पीक राखा, पण कुणाच्या जिवावर नको.