बोल्ट तुटला, यंत्र वाचलं

गवत कापलं, उन्हात वाळलं. आभाळ भरून आलं. आणि नेमकं त्याच वेळी गठ्ठे बांधणारं यंत्र, म्हणजे बेलर, अडून बसलं! मग शेतकऱ्यानं चिडू नये तर काय करावं?

पण यंत्र उगाच अडत नाही. त्याची कारणं पाहू या.

पूर्वी अमेरिकेत पिकाच्या पेंढ्या यंत्रानं तारेनं बांधत. तारेचे तुकडे चाऱ्यातून जनावरांच्या पोटात जात. पुढं जॉन अॅपलबी या माणसानं सुतळीची गाठ मारणारं यंत्र तयार केलं. १८८० नंतर ते सगळीकडं पसरलं. सुतळीच्या बेलरमध्ये आजही तशीच गाठ बसते.

लोखंडी चोच फिरते, फास घालते, सुतळीची टोकं धरते. चाकू सुतळी कापतो. हे सारं क्षणात होतं. म्हणून चोचीत काडीकचरा अडकला, चाकू बोथट झाला किंवा सुतळी कुठं जाड कुठं बारीक असली, की गाठ चुकते. गठ्ठा सुटतो.

दुसरी गोष्ट बोल्टाची. मोठ्या चाकावरचा एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. आत गवत तुंबलं की तो तुटतो आणि यंत्र वाचतं. तिथं कुणी रागानं कठीण बोल्ट बसवला, तर बोल्ट टिकतो. पण आतले महागाचे भाग मोडतात.

तेव्हा हंगामाआधी चोच साफ करा. चाकूला धार लावा. त्याच जातीचे चार बोल्ट जवळ ठेवा. ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय आत हात घालू नका. ओलं गवत बांधू नका. ते तापतं, कधी पेटतंही.

आधी निगा, मग काम!