लडाखच्या नदीकाठचा गाळ : प्राचीन हवामानाची नोंदवही

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. म्हणजे आपल्या देशातील पर्जन्याच्या पद्धतशीर नोंदी सुमारे दीड शतकाच्या आहेत. धरण, पूल अथवा वसाहत यांचे नियोजन करताना आपण बहुधा याच नोंदींवर, आणि दुर्गम भागात तर त्यांच्या काही दशकांच्या तुकड्यावर, विसंबतो. मात्र मोसमी पावसाचे मोठे चढउतार सहस्रकांच्या मापाने घडतात. या दीर्घ कालखंडाचा लेखाजोखा निसर्गाने ज्या ठिकाणी जपून ठेवला आहे, त्यांपैकी लडाखमधील नदीखोरी हे एक महत्त्वाचे ठिकाण होय.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह हे हिमालयाच्या पर्जन्यछायेत येते. तेथील वार्षिक पर्जन्य १०० मिलिमीटरच्या आसपास आहे. हे शीत वाळवंट असल्यामुळेच तेथील पुरावा टिकला, ही बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. पूर्व हिमालयासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात उतारांवरचा जुना गाळ वाहून जातो, उरलेला जंगलाखाली झाकला जातो. लडाखमध्ये वनस्पतींचे आवरण जवळजवळ नाही; त्यामुळे सिंधू आणि झंस्कार या नद्यांच्या काठचे गाळाचे उंच कडे उघडे राहिले असून त्यांतील थर नुसत्या डोळ्यांनीही वेगळे ओळखता येतात.

हे थर वाचण्याचे शास्त्र काय आहे? गोलसर, एकमेकांवर कौलांप्रमाणे रेललेले गोटे आढळले, तर तेथे वाहती नदी होती. टोकदार, लहानमोठे दगड चिखलात विस्कळीतपणे रुतलेले दिसले, तर तो उतारावरून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याचा अवशेष असतो. पोयटा व चिकणमाती यांचे पातळ, सपाट पापुद्रे मात्र शांत पाण्याची, म्हणजे सरोवराची साक्ष देतात. श्रीनगर-लेह मार्गावरील लामायुरू येथील पिवळसर टेकड्या आणि लेहनजीकचा स्पितुक येथील गाळ हे अशाच लुप्त सरोवरांचे तळ आहेत. गाळ कोठून आला, हेदेखील खनिजांवरून ठरवता येते : सिंधूच्या उत्तरेस लडाख रांगेचा ग्रॅनाइट आहे, तर झंस्कारच्या खोऱ्यात चुनखडक व शेल यांसारखे स्तरित खडक विपुल आहेत.

यानंतरचा प्रश्न कालमापनाचा. किरणोत्सारी कार्बनची पद्धत सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच उपयोगी पडते आणि तिला सेंद्रिय अवशेष लागतात. वाळवंटात ते दुर्मीळ. म्हणून क्वार्ट्झच्या कणांचा आधार घेतला जातो. गाडलेल्या कणांमध्ये सभोवतालच्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते आणि सूर्यप्रकाश लागताच ती रिती होते. प्रयोगशाळेत प्रकाश टाकून ही साठलेली ऊर्जा मोजली, की कणाने ऊन शेवटचे केव्हा पाहिले हे कळते. ही पद्धत १९८५ मध्ये मांडली गेली. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि डेहराडूनची वाडिया संस्था येथे तिचा वापर होतो. तिलाही मर्यादा आहेत. गढूळ पुरात वा रात्री वाहत आलेल्या कणांना पुरेसे ऊन मिळत नाही आणि त्यांचे वय वास्तवापेक्षा अधिक भरते.

गाळाचा थर जाड म्हणजे पाऊस जास्त, असे सरळ समीकरण अनेक विद्यार्थी मांडतात. ते चुकीचे आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे पुरवठा आणि वहनक्षमता यांचा ताळेबंद महत्त्वाचा. हिमयुगाच्या परमोच्च काळात, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, हिमनद्यांनी खडक भरडून उतारांवर ढिगारे रचले. परंतु ते वाहून नेण्याइतके पाणी नव्हते. पुढे पृथ्वीच्या अक्षाच्या सुमारे २३,००० वर्षांच्या परांचन चक्रामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातील सौरऊर्जा वाढली, मोसमी वारे बळावले आणि हा साठा खोऱ्यांत उतरू लागला. आवक वहनक्षमतेहून अधिक असेपर्यंत पात्र भरत गेले. उतारांवरील साठा संपत आला, पाणी मात्र वाहतच राहिले, तेव्हा नदीने आपलाच गाळ कापण्यास प्रारंभ केला. काठांवर उरलेल्या सपाट पायऱ्या म्हणजे हा बदल जेथे घडला त्या पातळ्या. भूगर्भीय उत्थानामुळे किंवा दरड कोसळून प्रवाह अडल्यामुळेही असाच देखावा तयार होऊ शकतो, हे येथे नमूद केले पाहिजे. ३१ डिसेंबर २०१४ रोजी झंस्कारमधील फुकताल नदीवर दरड कोसळून सरोवर बनले आणि ७ मे २०१५ रोजी ते फुटले. या घटनेचा हवामानबदलाशी संबंध जोडणे घाईचे ठरेल. म्हणूनच एकाच ठिकाणच्या थरावरून निष्कर्ष न काढता तो गुहांतील चुनखडीच्या स्तंभांशी ताडून पाहिला जातो. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले ‘मेघालयन’ हे युग मावम्लूह गुहेतील अशाच स्तंभावर आधारलेले असून, त्याचा आरंभ ४,२०० वर्षांपूर्वीच्या तीव्र शुष्क काळापासून मानतात.

नियोजनकर्त्यांसाठी या नोंदींचे मोल आकड्यांपलीकडचे आहे. सिंधूवर अल्ची येथे ४५ मेगावॅट क्षमतेचा निमू-बाझगो प्रकल्प उभा आहे. निमू येथे सिंधूला मिळणारी गाळवाहू झंस्कार त्याच्या वरच्या अंगाला येते. अशा जलाशयाचे आयुष्य पाण्याइतकेच गाळावर ठरते. वसाहतींचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ५ व ६ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. चोगलमसर गावाची अपरिमित हानी झाली. लेहच्या वेधशाळेतील पर्जन्यमापकाने मात्र त्या चोवीस तासांत जेमतेम १२.८ मिलिमीटर पाऊस नोंदवला, कारण मुख्य सर तेथे कोसळलीच नव्हती. लडाखमध्ये सपाट जमीन दुर्मीळ असल्याने घरे, बाजार आणि शेते ओढ्यांच्या तोंडाशी पसरलेल्या पंखाकृती मैदानांवर वसतात, आणि ही मैदाने अशाच लोंढ्यांनी, थरावर थर टाकून घडवली आहेत.